न येण्याचा पगार

जगातल्या बहुतेक नोकऱ्या काहीतरी येतं म्हणून मिळतात. दक्षिण कोरियात मात्र एक नोकरी अशी आहे, की ती काहीतरी येत नाही म्हणून शोभून दिसते. इंग्रजी शिकवायला परदेशातून आणलेला मास्तर कोरियन भाषेत जितका कोरा, तितका तो अस्सल समजला जातो. शाळेत त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. तो 'वॉनॉमिन', म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा. गेल्या वर्षीचा वॉनॉमिन गेला, यंदाचा आला, एवढीच नोंद.

सरकारी शाळांत असे मास्तर नेमण्याची 'एपिक' नावाची योजना 1995 साली सुरू झाली. नाव महाकाव्याचं असलं तरी अटी अगदी गद्य आहेत. पासपोर्ट अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका या सातांपैकी एका देशाचा हवा. या सप्तर्षींत आपण नाही. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारात आपल्यासाठी एक खिडकी किलकिली ठेवली आहे, ती 'सहायक' इंग्रजी शिक्षकाची. म्हणजे इंग्रजी तुम्हाला येते हे मान्य, पण ती तुमची आहे असं कुठे बोलू नका.

खाजगी शिकवण्यांचं जग याहून मोठं. तिथल्या क्लासला 'हागवॉन' म्हणतात. मराठी वाचकाने इथे हसू नये, मुलांना तिथे मुळीच हसू येत नाही. शाळा सुटली की पोरं तिकडे जातात आणि उशिरापर्यंत बसतात. सोलमध्ये तर रात्री दहानंतर हागवॉन चालवू नये असा नियमच करावा लागला. या क्लासांतून परदेशी मास्तरला पहिल्याच दिवशी समज देतात, की पोरांसमोर कोरियन बोलायचं नाही. येत असेल तर येत नाही असं दाखवायचं. मास्तरला कोरियन कळतं असा पोरांना संशय आला की ती इंग्रजी बोलायची बंद होतात, आणि पोरांच्या आयांना संशय आला की फी भरायची बंद होतात.

मी हे सगळं जवळून पाहते त्याचं कारण सुवॉनमधला आमचा कोरियन भाषेचा वर्ग. आमचे हे इथल्या एका कंपनीत लागले आणि मी त्यांच्यामागून आले. न्याय मंत्रालय 2009 पासून परदेशी लोकांना समाजात मुरवण्यासाठी एक कार्यक्रम चालवतं. त्यात शून्यापासून पाचापर्यंत पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या एक ते चार प्रत्येकी 100 तासांच्या. पुढे कायमचा मुक्काम किंवा नागरिकत्व मागताना याचा उपयोग होतो. आमच्या वर्गात माणसं नसतात, देश असतात. हजेरीला नावं असली तरी ती कुणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून बाई देशाच्या नावानेच हाक मारतात. "कॅनडा आज पुन्हा उशिरा?" "व्हिएतनाम, फळा पूस." "आयर्लंड, झोपू नकोस." संयुक्त राष्ट्रसंघ इतका आज्ञाधारक मी तरी पाहिलेला नाही. मी अर्थातच इंडिया. एकशे चाळीस कोटींची जबाबदारी घेऊन मी खिडकीपाशी बसते.

यातले कॅनडा, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका हे इंग्रजीचे मास्तर. दिवसभर कोरियन न येण्याचा पगार घेतात आणि सुट्टीच्या दिवशी ते शिकायला येतात. दारू सोडवण्याच्या केंद्रात येणाऱ्या माणसासारखा कॅनडाचा चेहरा असतो. आपण इथे येतो हे क्लासच्या मालकाला कळू नये एवढीच त्याची इच्छा.

लिपीचा प्रश्न नव्हता. राजा सेजोंगने 1443 साली ही अक्षरं तयार केली आणि 1446 साली जाहीर केली, तेव्हाच सोबतच्या ग्रंथात आश्वासन दिलेलं आहे, की शहाण्याला ही सकाळ संपायच्या आत येतील आणि मूर्खाला दहा दिवसांत. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाने मूर्खांसाठी इतकं निश्चित वेळापत्रक दिलेलं नसेल. आज चोवीस मुळाक्षरं. व्यंजनांचा आकार जीभ, दात, ओठ, घसा यांच्यावरून घेतलेला. कॅनडाने ती विमानातच शिकून टाकली आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या पाट्या वाचत सुटला. वाचून कळत काहीच नव्हतं. पण आपल्याकडेही वाचणं आणि कळणं यांचा संबंध लावला तर वाचनालयांचे निम्मे सदस्य कमी होतील.

खरी गंमत तोंड उघडल्यावर. कोरियन माणसाला परदेशी पाहुण्याने 'आन्न्यॉन्ग हासेयो' एवढं म्हटलं तरी भरून येतं. तो लगेच म्हणतो, "हान्गुंगमाल जाल हाशिनेयो!" म्हणजे काय सुंदर कोरियन बोलता हो तुम्ही! हे वाक्य आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकलंय, पण सारख्या भावाने नाही. कॅनडा दुकानात शिरताना नुसता वाकला तरी मिळतं. मला मिळायला दोन-तीन वाक्यं लागतात, कारण माझा रंग पाहून समोरचा आधी इंग्रजीची जुळवाजुळव करत असतो, आणि ती वाया गेल्याचं दुःख ओसरायला वेळ लागतो. व्हिएतनामला मात्र ते कधीच मिळत नाही. तिचं लग्न इथल्या माणसाशी झालंय, सासू घरात आहे, मुलगा बालवाडीत. ती अशी कोरियन बोलते की फोनवर कुणाला शंका येऊ नये. तिला भाजीवाली म्हणते, "तो शेवटचा उच्चार जरा नीट कर."

म्हणजे हे कौतुक भाषेचं नसून आश्चर्याचं आहे, आणि आश्चर्य चेहऱ्यावर अवलंबून. ज्याला यायला नको त्याला आलं तर टाळ्या. जिला यायलाच हवं तिला आलं तर त्यात काय मोठंसं.

यात सगळ्यात करुण स्थिती अमेरिकेची. आमचा अमेरिका कॅलिफोर्नियात जन्मला, पण आई-वडील दोघेही इथले. चेहरा शंभर टक्के कोरियन, इंग्रजी शंभर टक्के अमेरिकन, आणि कोरियन भाषा आजीशी फोनवर बोलण्यापुरती. अशांना इथे 'ग्योपो' म्हणतात. हागवॉनवाले त्याला नेमताना कुरकुरतात, कारण आयांना मास्तर लांबूनच परदेशी दिसायला हवा. आणि रस्त्यावरचे लोक त्याचं कोरियन ऐकून कळवळतात. आई-बापांनी काही शिकवलं नाही का रे तुला? आम्ही एकदा गिम्बाप खायला एका दुकानात गेलो. मालकीणबाईंनी अमेरिकेला विचारलं, काय हवं. अमेरिका गोंधळला. कॅनडाने स्वच्छ कोरियनमध्ये ऑर्डर दिली. बाईंनी ती पूर्ण ऐकली आणि अमेरिकेकडे वळून विचारलं, "हे काय म्हणतायत?" अमेरिकेने कॅनडाकडे पाहिलं. कॅनडाने पुन्हा तेच सांगितलं. बाई पुन्हा अमेरिकेकडे. शेवटी अमेरिका नुसता "हो" म्हणाला आणि सगळ्यांना बरं वाटलं. कानांनी ऐकलेलं डोळ्यांनी नामंजूर करता येतं, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

आता भाषेबद्दल. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना हिंदी शिकवायला 44 आठवडे धरतं आणि कोरियनसाठी 88. हा हिशेब ऐकून मी पहिल्या दिवशी वर्गात जरा मिशीत हसले, असती तर. कारण कोरियन वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, म्हणजे सगळं आपल्यासारखं. बाईंनी लांबलचक वाक्य सुरू केलं की कॅनडा बस न आलेल्या थांब्यावरच्या माणसासारखा क्रियापदाची वाट पाहत बसतो. मला त्याची घाई नसते. मी लहानपणापासून अध्यक्षीय भाषणं ऐकलेली आहेत. इथे बायको नवऱ्याचा उल्लेख 'उरी नाम्प्यॉन' असा करते, अक्षरशः 'आमचा नवरा'. हे कळल्यावर आयर्लंड घाबरली. किती जणींचा? मी मात्र निर्धास्त. आमच्या घरीही 'आमचे हे'च आहेत आणि आजवर त्यांच्यावर दुसरा दावा आलेला नाही.

उच्चारांनी मात्र माझंही गर्वहरण केलं. कोरियनमध्ये चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द आपल्या कानाला साधारण 'ताल' असेच ऐकू येतात. पहिला त सैल सोडायचा, दुसरा आवळायचा, तिसऱ्यात हवा फुंकायची. कॅनडाला तिन्ही एकच वाटतात. मला थ वेगळा कळतो, याचा अभिमान होता. पण आपला साधासुधा त कोरियन कानाला आवळलेलाच वाटतो. त्यामुळे मी चंद्र किती सुंदर म्हटलं की बाई विचारतात, कुणाची मुलगी? दक्षिण आफ्रिका बेकरीत जाऊन बरेच दिवस खोली मागत होता, कारण 'बांग' म्हणजे खोली आणि 'प्पांग' म्हणजे पाव. तो प्पांग जपानमार्गे पोर्तुगीजांकडूनच इथे आलेला आहे, म्हणजे आपल्या वडापावातल्या पावाचा सख्खा चुलतभाऊ. गोवेकराने इथे बेकरीत निदान नातं सांगून उधारी मागायला हरकत नाही.

मास्तरांची आणखी एक अडचण म्हणजे त्यांना त्यांचंच इंग्रजी विसरावं लागतं. कोरियनमध्ये 'सॉबिस' म्हणजे सेवा नव्हे. फुकट मिळालेली बशी. 'कॉन्निंग' म्हणजे परीक्षेतली कॉपी. आपण तिला कॉपी म्हणतो, त्यामुळे इंग्रजांपुढे आपणही फार ताठ उभं राहण्यात अर्थ नाही. 'मिटिंग' म्हणजे कॉलेजची मुलं-मुली ओळखी करून घ्यायला गटाने भेटतात ती. दक्षिण आफ्रिकेने वर्गात सहज सांगितलं, की आज संध्याकाळी मुख्याध्यापकांबरोबर माझी मिटिंग आहे. सहावीतली पोरं बाकाखाली गेली.

पण सगळ्यात खोल खड्डा आदराचा. कोरियनमध्ये प्रत्येक क्रियापदाला पायरी असते. बरोबरीच्यांसाठी आणि लहानांसाठी 'बानमाल', मोठ्यांसाठी आणि परक्यांसाठी 'जोनदेनमाल'. जेवण, झोप, वय, नाव यांना वडीलधाऱ्यांसाठी शब्दच वेगळे. तू-तुम्ही-आपण घरात असलेल्या मराठी माणसाला हे समजतं. 'तुम्ही' म्हणून जो शब्द कोशात सापडतो, 'दांगशिन', तो नवरा-बायकोत चालतो किंवा रस्त्यावर भांडण पेटलं की. एरवी समोरच्याला त्याच्या हुद्द्यानेच संबोधायचं. आपणही 'साहेब काय घेणार?' असं साहेबांनाच विचारतो, तसं. ही व्यवस्था लावण्यासाठी समोरच्याचं वय माहीत हवं, म्हणून नाव विचारायच्या आत जन्मसाल विचारतात. त्यात जुन्या पद्धतीने मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि एक जानेवारीला अख्खा देश एकदम एकेका वर्षाने मोठा. जून 2023 मध्ये सरकारने कायद्याने जगासारखं वय लागू केलं आणि एका दिवसात सगळे तरुण झाले. व्याकरण मात्र म्हातारंच राहिलं.

तर या व्यवस्थेत परदेशी मास्तर भाषा शिकतो कुणाकडून? पोरांकडून. दिवसभर तीच त्याच्याभोवती असतात, आणि एकमेकांशी अर्थात बानमालमध्ये बोलतात. कॅनडा या क्लासमध्ये येण्याआधी शाळेत होता, तेव्हा एकदा जेवणघरात मुख्याध्यापक समोर बसले होते. कॅनडाने अत्यंत प्रेमाने त्यांच्याकडे किमचीची वाटी सरकवली आणि म्हणाला, "मॉगॉ." मराठीत, "खा की रे!" सगळ्या टेबलावरचे चमचे हवेत थांबले. साठीच्या मुख्याध्यापकांनी क्षणभर पाहिलं आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढचा महिनाभर ते प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा सांगत होते आणि कॅनडाच्या पाठीवर थाप मारत होते.

हा किस्सा कॅनडाने वर्गात रंगवून सांगितला, तेव्हा व्हिएतनाम हसली नाही. ती भाषा शिकली सासूकडून. सासू सुनेशी बानमालमध्ये बोलते, त्यामुळे हिच्या कानावर वर्षभर फक्त ये, खा, आण, लवकर हेच पडलं. आज्ञा आधी आल्या, उत्तरं नंतर. पहिल्याच सणाला तिने चुलत सासऱ्यांपुढे ताट ठेवलं आणि कानावर पडलेला तोच शब्द म्हणाली. "मग काय झालं?" कॅनडाने उत्सुकतेने विचारलं. "मग मी या वर्गात आले," ती म्हणाली.

इंग्रजीपुढे हा देश किती हळवा होतो ते नोव्हेंबरात बघावं. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग असतो, त्या साधारण 35 मिनिटांत देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं बंद ठेवतात, पोरांच्या कानात घरघर जाऊ नये म्हणून. आमच्या तोंडी परीक्षेच्या वेळी मात्र खिडकीखाली डिलिव्हरीवाल्याची स्कूटरसुद्धा थांबत नाही. आणि तरीही हेच लोक आपल्या लिपीचा वाढदिवस 9 ऑक्टोबरला अभिमानाने साजरा करतात. 1991 साली सुट्ट्या फार झाल्या म्हणून ही सुट्टी काढून टाकली होती; लोक मागे लागले आणि 2013 पासून ती परत मिळवली. आपल्या 27 फेब्रुवारीच्या भाषणांत सुट्टीचा मुद्दा घेतला तर श्रोते वाढतील असं मला उगाच वाटून गेलं.

विशेष म्हणजे या देशातल्या अगदी सुरुवातीच्या इंग्रजी मास्तरांपैकी एकाने हा 'कोरियन बोलू नका' नियम तेव्हाच धुडकावला होता. होमर हल्बर्ट हा अमेरिकन 1886 साली सोलला राजाच्या शाळेत शिकवायला आला. शाळा बड्या घरच्या मुलांची. त्या काळात खानदानी विद्वान चिनी अक्षरांत लिहीत आणि सेजोंगच्या लिपीला बायाबापड्यांची म्हणून नाक मुरडत. हल्बर्ट ती शिकला, काही वर्षांतच तिच्यात जगाच्या भूगोलाचं पुस्तक लिहिलं, आणि प्रस्तावनेत कोरियन लोकांनाच सुनावलं, की इतकी चांगली लिपी घरात असताना तुम्ही तिला कमी लेखता. पुढे तो कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी जगभर भांडला, 1949 साली सोलमध्ये येऊन वारला आणि हान नदीकाठच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्याला पुरलं. 2014 च्या लिपी दिनाला सरकारने त्याला मरणोत्तर सन्मान दिला. आजच्या एखाद्या हागवॉनमध्ये तो असता तर पहिल्या महिन्यातच आयांनी तक्रार केली असती, की मास्तर मुलांना कोरियन शिकवतो.

जुनं राहू द्या. भाषा खरोखर येऊ लागल्याची इथे एकच खूण आहे. कौतुक बंद होतं. हे कॅनडाला टॅक्सीत कळलं. पूर्वी पत्ता सांगितला की चालक कौतुकाचा वर्षाव करायचा. परवा तो वाटेत दोन वाक्यं जोडून बोलला, तर चालकाने थेट विचारलं, लग्न का नाही केलं, पगार किती, घर भाड्याचं की मालकीचं, आणि राष्ट्राध्यक्षांबद्दल मत काय. कॅनडा घामाघूम होऊन उतरला. आम्ही त्याचं अभिनंदन केलं.

आयर्लंडची कथा वेगळी. ती आधी देगू शहरात होती, त्यामुळे तिची कोरियन ग्यॉन्गसांग प्रांताची, हेलकाव्याची. रॉबर्ट हॉली नावाचा अमेरिकन वकील इथलं नागरिकत्व घेऊन टीव्हीवर बुसानी बोलीत बोलायचा आणि लोक खुश व्हायचे, त्याच जातीची गंमत. त्या बोलीत 'गा गा गा गा?' एवढ्यात 'तोच का तो?' असा अख्खा प्रश्न होतो. आयर्लंडने हे म्हटलं की सुवॉनचा बाजार टाळ्या पिटतो. बाई मात्र कपाळाला हात लावतात आणि तिला प्रमाणभाषेवर आणतात. एखादा जर्मन मालवणीत गजाली करायला लागला तर आपणही त्याला आधी चहा पाजू आणि मग त्याचं शुद्धलेखन काढू.

गेल्या महिन्यात कॅनडाच्या क्लासमध्ये पालकांसाठी खुला तास झाला. आया मागच्या बाकांवर बसल्या आणि मास्तरला कोरियन येत नाही या भरवशावर मोकळेपणी बोलल्या. केस विरळ होतायत. पण चेहरा छोटा आहे. इथे ही मोठी स्तुती. गेल्या वर्षीचा उंच होता. शर्ट बहुधा इस्त्री न करताच घालतो, बायको नसावी. माझी भाची बँकेत आहे. कॅनडा फळ्यावर 'अ‍ॅपल' लिहीत होता आणि त्याचे कान सफरचंदासारखे लाल होत होते. तास संपल्यावर भाचीवाल्या बाईंनी पुढे येऊन अडखळत इंग्रजीत विचारलं, तुम्हाला कोरिया आवडतो का. तो म्हणाला, "यस, व्हेरी मच." मालक खुश झाला.

पुढच्या रविवारी बाईंनी निबंध तपासून आणले. विषय होता 'माझा कामाचा दिवस'. कॅनडाला त्या आठवड्यात लिहायला वेळ मिळाला नव्हता. त्याने व्हिएतनामला तोंडी सांगितलं होतं आणि तिने दोघांच्याही वह्या भरल्या होत्या. बाईंनी कॅनडाची वही उंच धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. काय अक्षर, काय वळण, परदेशी माणसाच्या हातून असं कोरियन मी पाहिलं नाही! टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग त्यांनी दुसरी वही उघडली, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "व्हिएतनाम, अक्षराकडे जरा लक्ष दे. कॅनडाकडून शिक काहीतरी."